भिंतीला हात न लावता

अजिंठ्याच्या लेण्यांत आपण चित्रे पाहतो, पण ती ज्यावर काढली आहेत त्या भिंतीकडे आपले लक्ष जात नाही. कातळावर माती, भाताचे तूस आणि वनस्पतींचे धागे यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि तो सुकल्यावर रंग. दीड हजार वर्षांपूर्वीचा हा गिलावा आज अतिशय नाजूक झाला आहे. त्यातले तूस कीड खाते, आणि आपण पाहायला गेलो की आपल्या श्वासाचा दमटपणा त्यात मुरतो. अशा भिंतीवरच्या चित्रांच्या नकला कशा घेतल्या गेल्या, हा इतिहास मला सांगायचा आहे. नकलांपायी मूळ चित्रांना काय सोसावे लागले, हाही त्याचाच एक भाग आहे.

जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला १८१९ मध्ये ही लेणी दिसली. पुढे १८४४ मध्ये मद्रासच्या सैन्यातील रॉबर्ट गिल यांची चित्रांच्या नकला करण्यासाठी नेमणूक झाली. पारोच्या कथेमुळे मराठी वाचकाला गिल परका नाही, पण त्याचे काम मात्र फारसे कुणाला माहीत नसते. जवळजवळ वीस वर्षे अंधाऱ्या लेण्यांत बसून त्याने कॅनव्हासवर मोठमोठी तैलचित्रे केली. ती लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली गेली आणि डिसेंबर १८६६ च्या आगीत तिथली सर्व जळाली. प्रदर्शनात नसलेली मोजकीच काय ती वाचली.

काम पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जाऊ लागले. पेस्तनजी बोमनजींसारखे चित्रकार त्यातूनच तयार झाले. १८८५ पर्यंत सुमारे तीनशे नकला झाल्या. त्या लंडनला साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात पोहोचल्या, आणि १८८५ मध्ये तिथेही आग लागली! बऱ्याच नकला त्यात गेल्या. उरलेल्या आजही व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात आहेत.

या दोन आगींबद्दल सगळेच हळहळतात. मला मात्र दुसरी गोष्ट अधिक लागते. धुराने आणि धुळीने काळवंडलेले रंग नकलेसाठी उठून दिसावेत म्हणून त्या काळात भिंतीवरच्या मूळ चित्रांना वॉर्निश लावले गेले. पुढे १९२० च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ बोलावले. सुटत चाललेला गिलावा त्यांनी जागच्या जागी बसवला, हे उपकारच. पण त्यांनीही चित्रांवर लाखेचा थर दिला. असे थर कालांतराने पिवळे पडले, काळे पडले आणि पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना ते काढत बसावे लागले. कुणाचाही हेतू वाईट नव्हता. चित्र नीट दिसावे, टिकावे, एवढीच इच्छा होती. तिची किंमत भिंतीने मोजली.

आजच्या स्कॅनिंगचे महत्त्व मला या पार्श्वभूमीवर वाटते. हे यंत्र भिंतीला स्पर्शच करत नाही. लेसरची एक बारीक रेघ पृष्ठभागावर पडते, आणि ती कुठे किती वाकली हे बाजूचे कॅमेरे टिपतात. त्यावरून प्रत्येक उंचवटा, भेग आणि पोपडा मोजला जातो. रंगांची छायाचित्रे वेगळी घेतात. चित्राचे लहान लहान चौकोन पाडून, शेजारी रंगपट्टी ठेवून ती घेतली जातात आणि मग संगणकावर जोडली जातात.

याचे उत्तम उदाहरण इजिप्तमधले आहे. तुतनखामेनच्या थडग्यातली चित्रेही प्रेक्षकांच्या गर्दीने धोक्यात आली होती. माद्रिदच्या फॅक्टम आर्ते या संस्थेने २००९ मध्ये थडग्याचे स्कॅनिंग केले आणि २०१४ मध्ये लक्सरजवळ त्याची हुबेहूब प्रतिकृती खुली झाली. त्यातली एक बाब मला फार मोलाची वाटते. १९२२ मध्ये थडगे सापडल्यानंतर आतल्या वस्तू बाहेर काढताना एका चित्रित भिंतीचा भाग तोडला गेला होता. तो मूळ थडग्यात आज नाही. पण हॅरी बर्टन या छायाचित्रकाराने त्याचे फोटो घेऊन ठेवले होते. त्यांवरून तो भाग पुन्हा घडवता आला.

म्हणजे स्कॅनर कितीही सूक्ष्म असला, तरी आज भिंतीवर जे उरले आहे तेवढेच तो टिपणार. गळून पडलेले त्याला दिसणार नाही. ते कुठे दिसेल, तर जुन्या नकलेत. ग्रिफिथ्सच्या वाचलेल्या कॅनव्हासवर, १८९६-९७ मध्ये निघालेल्या त्यांच्या दोन खंडांत, १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅमबरोबर नंदलाल बोस आणि असितकुमार हालदार यांनी केलेल्या नकलांत, आणि गुलाम याझदानींच्या ग्रंथांत. म्हणून अजिंठ्याची डिजिटल प्रत करताना या जुन्या नकलांचेही तितक्याच काळजीने स्कॅनिंग व्हायला हवे. भिंत आणि नकला शेजारी ठेवल्या, तरच शंभर-दीडशे वर्षांत आपण काय गमावले ते कळेल.

'नकलेत मुळाची मजा नाही,' असे म्हणणारे रसिक भेटतात. मजा नाही हे खरेच. पण फ्रान्समधील लास्कोची गुहा प्रेक्षकांच्या वावरामुळे १९६३ मध्ये बंद करावी लागली आणि १९८३ पासून लोक तिची प्रतिकृती पाहू लागले. आपल्याकडेही अजिंठ्याच्या पायथ्याशी १, २, १६ आणि १७ या लेण्यांच्या प्रतिकृती उभारल्या गेल्या. प्रतिकृतीत तासभर रेंगाळावे, तपशील न्याहाळावेत आणि मूळ लेण्यात थोडाच वेळ, गर्दी न करता जावे, ही सवय आपल्याला लावून घ्यावी लागेल.

आणखी एक. डिजिटल प्रत अमर असते, या भ्रमात कुणी राहू नये. तबकड्या खराब होतात, यंत्रे कालबाह्य होतात, जुन्या फायली उघडेनाशा होतात. एकाच कपाटात ठेवलेली प्रत ही क्रिस्टल पॅलेसमधल्या कॅनव्हासइतकीच असुरक्षित आहे. ती चार ठिकाणी असावी आणि ठरावीक काळाने कुणीतरी उघडून पाहावी. गिलच्या वीस वर्षांच्या मेहनतीची राख झाली, यातून आपण निदान एवढे तरी शिकायला हवे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)