आठ महिने: एक गोळी, एक निकाल आणि शंभर वर्षांची जमीन

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा लेखी अवतार. बोलल्यासारखंच लिहिलंय, सांभाळून घ्या.

सुरुवात एका आकड्याने करूया. आठ महिने.

१४ मे २००९, नैरोबी, केनियाचं हायकोर्ट. आरोपी थॉमस चमली. इंग्रजी स्पेलिंग 'चोल्मोंडेली' असं वाचावंसं वाटतं, पण उच्चार चमली. केनियातल्या सगळ्यात प्रसिद्ध गोऱ्या जमीनदार घराण्याचा, म्हणजे डेलामेअर घराण्याचा वारस. त्याच्या गोळीने एक माणूस मेला होता. खटला खुनाचा चालला, दोषी ठरला सदोष मनुष्यवधासाठी, आणि शिक्षा झाली आठ महिन्यांची.

कोर्टाबाहेर लोक चिडले. त्यांचं म्हणणं साधं होतं: याच्या जागी गरीब काळा माणूस असता तर आठ महिन्यांत सुटला असता का?

मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा माझीही प्रतिक्रिया तीच होती. पण आमच्या धंद्यात एक सवय लागते. स्क्रीनवर चुकीचा आकडा दिसला की त्या आकड्याला शिव्या देऊन उपयोग नसतो, तो कुठल्या ओळीतून आला हे मागे मागे जाऊन शोधावं लागतं. तेच आज करूया.

आधी जमीन.

केनियाच्या मधोमध रिफ्ट व्हॅली आहे. तिथली गवताळ कुरणं मसाई लोकांची, गुरं राखणाऱ्यांची. १९०४ साली इंग्रजांनी मसाईंचा धर्मप्रमुख लेनाना आणि इतर पुढाऱ्यांशी करार केला. मसाईंनी रिफ्ट व्हॅली सोडायची आणि दोन राखीव भागांत जायचं, एक उत्तरेला लायकिपियात आणि एक दक्षिणेला. मसाई जमात आहे तोवर हा करार टिकेल, असं त्यात लिहिलं होतं. तो टिकला सात वर्षं! १९११ मध्ये दुसरा करार झाला आणि लायकिपियासुद्धा गेलं.

मसाई गप्प बसले नाहीत. ते चक्क कोर्टात गेले. १९१३ मध्ये कोर्टाने सांगितलं, हा दोन सत्तांमधला तह आहे, त्यात आम्हाला लक्ष घालता येत नाही. म्हणजे जमीन घेताना मसाई 'सत्ता' होते, आणि दाद मागताना कुणीच नव्हते.

रिकाम्या केलेल्या जमिनी गोऱ्या वसाहतवाल्यांना मिळाल्या. त्यांचा पुढारी होता तिसरा लॉर्ड डेलामेअर, आपल्या आरोपीचा पणजोबा. नाकुरू आणि नैवाशाच्या मधला सोयसांबू हा त्याचाच रँच, जवळपास पन्नास हजार एकरांचा. आपल्याकडे दोन-पाच एकरांचा सातबारा नावावर करताना तलाठी कार्यालयाच्या किती फेऱ्या होतात ते आठवा, आणि मग हा आकडा पुन्हा वाचा.

आता येतो आपला भाग. म्हणजे खरोखर आपला.

१८९७ पासून ब्रिटिशांनी पूर्व आफ्रिकेत जो फौजदारी कायदा लावला तो इंग्लंडचा नव्हता, भारतातला होता. हो, आपला आयपीसी! मेकॉलेने मसुदा केलेला, १८६० मध्ये मंजूर झालेला भारतीय दंड संहितेचा कायदा जहाजात बसून मोंबासाला पोचला. 'सदोष मनुष्यवध', 'खून', 'जबर दुखापत' ही आपल्या कोर्टातली वर्गवारी तिथेही लागू झाली.

आणि याच वर्गवारीतून १९२३ मध्ये एक निकाल आला. मोलो भागातल्या जॅस्पर अब्राहम नावाच्या गोऱ्या शेतमालकाने किटोश नावाच्या काळ्या मजुराला घोडी पोचवायला पाठवलं होतं. घोडी चालवत न्यायची, तिच्यावर बसायचं नाही, असा हुकूम. किटोश बसला. मालकाने त्याला चाबकाने मारलं आणि रात्री बांधून ठेवलं. त्या रात्री किटोश मेला. खटल्यात डॉक्टरांची साक्ष झाली की त्याला जगायची इच्छाच उरली नव्हती, म्हणून तो मेला! ज्यूरीत सगळे गोरे. त्यांनी खून मानला नाही, सदोष मनुष्यवधही मानला नाही. मानली फक्त 'जबर दुखापत'. शिक्षा दोन वर्षं. कॅरन ब्लिक्सनने 'आउट ऑफ आफ्रिका' या पुस्तकात ही हकीकत लिहिली आहे.

या निकालाने लंडनमध्येसुद्धा नाराजी झाली. भारतीय संहितेत गुन्ह्यांच्या इतक्या पायऱ्या आहेत की ज्यूरी आपल्या माणसाला अलगद खालच्या पायरीवर उतरवते, अशी टीका झाली. १९३० मध्ये केनियात आयपीसी जाऊन नवी दंड संहिता आली, इंग्लिश कायद्याच्या वळणाची. मारण्याचा किंवा जबर इजा करण्याचा हेतू असेल, किंवा आपल्या कृत्याने जीव जाईल हे माहीत असेल, तर खून. त्याखेरीज बेकायदा कृत्याने जीव गेला तर मॅनस्लॉटर. मधल्या पायऱ्या कमी झाल्या. प्रश्न सुटला?

चला, पुन्हा सोयसांबूवर.

२००४ मध्ये पहिल्या कराराला शंभर वर्षं झाली. मसाईंनी मोर्चे काढले, लायकिपियातल्या रँचवर गुरं घुसवली. पोलिसांच्या गोळीबारात एक माणूस मेला. वातावरण तापलेलं असतानाच एप्रिल २००५ मध्ये चमलीने सोयसांबूवर वन्यजीव खात्याच्या एका मसाई कर्मचाऱ्याला गोळी घातली. तो साध्या कपड्यांत, शिकारीच्या मांसाच्या चोरट्या व्यापाराचा तपास करायला आला होता. चमली म्हणाला, मला तो दरोडेखोर वाटला. महिन्याभरात ॲटर्नी जनरलने खटला मागे घेतला. मसाई रस्त्यावर उतरले.

वर्षभरानंतर, १० मे २००६ ची संध्याकाळ. रँचवर काही माणसं कुत्री घेऊन शिकारीला शिरली होती. चमलीच्या बंदुकीतून गोळ्या सुटल्या आणि जवळच्या गावातला एक पाथरवट मेला. त्याच्या घरचे लोक आजही असतील, म्हणून मी त्याचं नाव घेत नाही. चमलीचं म्हणणं, मी कुत्र्यांवर नेम धरला होता. पुढे बचाव पक्षाने असाही मुद्दा मांडला की गोळी सोबतच्या मित्राची असावी. न्यायाधीशांनी तो मानला नाही.

न्यायाधीश मुगा अपोंडी यांच्यासमोर मुख्य प्रश्न होता मनाचा. चमलीने जखमीवर प्रथमोपचार केले होते, त्याला गाडीतून दवाखान्यात पाठवलं होतं. मारायचंच असतं तर हे केलं असतं का? यावरून न्यायाधीशांनी ठरवलं की खुनाला लागणारा हेतू सिद्ध झालेला नाही. म्हणून मॅनस्लॉटर.

आता नीट लक्ष द्या, सगळी गोम इथे आहे. त्या वेळी केनियात खुनाला एकच शिक्षा होती, फाशी. न्यायाधीशाला पर्यायच नाही. (ही सक्ती तिथल्या सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये घटनाबाह्य ठरवली.) आणि मॅनस्लॉटरला? जास्तीत जास्त जन्मठेप, किमान काहीच नाही. म्हणजे हेतूच्या एका रेषेच्या अलीकडे न्यायाधीशाचे हात पूर्ण बांधलेले, आणि पलीकडे पूर्ण मोकळे. मधल्या पायऱ्या काढल्या, पण त्यांच्या जागी सगळी जबाबदारी एका माणसाच्या विवेकावर टाकली.

न्यायाधीशांनी तो विवेक असा वापरला: आरोपीने कामिटीच्या तुरुंगात आधीच तीन वर्षं काढली आहेत, जखमीला मदतही केली आहे, तेव्हा सौम्य शिक्षा. म्हणून 'फक्त आठ महिने' हे अर्धसत्य आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. खरा हिशोब तीन वर्षं अधिक आठ महिने. चांगल्या वर्तणुकीची सूट मिळून तो ऑक्टोबर २००९ मध्ये बाहेर आला. २०१६ मध्ये एका शस्त्रक्रियेदरम्यान त्याचा मृत्यू झाला.

मग लोकांचा राग चुकीचा होता का? मला तसं वाटत नाही. कोर्टाने एका संध्याकाळचा निकाल दिला. लोक शंभर वर्षांचा निकाल मागत होते. १९१३ ला जमिनीची दाद कोर्टाने ऐकली नाही, १९२३ ला किटोशच्या जिवाची किंमत दोन वर्षं ठरली, २००५ चा खटला सुनावणीआधीच संपला. जमिनीचा प्रश्न जिथे सुटायला हवा तिथे सुटला नाही, की तो फौजदारी कोर्टात मुडद्याच्या रूपाने येतो. आणि फौजदारी कोर्ट त्या प्रश्नाला हातही लावू शकत नाही. ते फक्त विचारतं, बंदूक चालवताना मनात काय होतं?

ते मन ज्या हवेत वाढलं, जिथे कुंपणाच्या आत शिरलेला प्रत्येक जण आधी चोर असतो, तिचा उल्लेख निकालाच्या शेवटच्या ओळीत कधी येत नाही.

आपल्याकडे आयपीसी १ जुलै २०२४ ला निवृत्त झाला. भारतीय न्याय संहितेत सदोष मनुष्यवधाचं कलम आता १०५ आहे. हेतू असेल तर जन्मठेप किंवा पाच ते दहा वर्षं, फक्त जाणीव असेल तर दहा वर्षांपर्यंत. म्हणजे पायऱ्या आपण ठेवल्यात, हेतू असलेल्या पायरीवर किमान शिक्षाही ठरवली. पण कुणाला कुठल्या पायरीवर उतरवायचं, हे अजूनही माणसंच ठरवतात.

तेव्हा पुढच्या वेळी 'बांधाच्या वादातून मृत्यू, आरोपीला अमुक वर्षं' अशी बातमी फोनवर आली, तर आकडा बघून लगेच पुढे पाठवू नका. कलम कुठलं लागलं, आधी किती दिवस आत काढले, आणि त्या बांधाचा दिवाणी दावा किती वर्षं पडून होता, एवढं तरी शोधा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा बातमीत नसतं. आणि खरी गोष्ट तिथूनच सुरू झालेली असते.

आज इथेच थांबतो. तुमच्या घरात, गावात असा एखादा जुना दावा चालू असेल तर जरूर कळवा, नावं न घेता. भेटूया पुढच्या भागात!