पाच दिवसांच्या आधी

नवी मुंबईतल्या तळवलीच्या नाक्यावरूनच काळात मागे निघू. आधी ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे ट्रक पुसून टाका, मग रबाळे आणि घणसोलीची स्टेशनं, मग सिडकोचं सगळं. सिडको तर 1970ची, तुम्हाला त्याच्याही मागे जायचंय. आता पायाखाली भातखाचराचा बांध आहे, पुढे खाडी. साल 1933, महिना फेब्रुवारी. गाडी पकडायची तर विटाव्यावरून चालत खाडीपूल ओलांडायचा आणि ठाणं गाठायचं. ठाण्याच्या किल्ल्यातही तुरुंगच आहे, पण आपलं काम नाशिकच्या तुरुंगात. कसारा घाट चढा आणि नाशिक रोडला उतरा.

गुरुवार, 9 फेब्रुवारी. गिनती झाली, बराकीला टाळं पडलं. तुमच्या शेजारी तेहतीस वर्षांचे एक राजबंदी आहेत, पांडुरंग सदाशिव साने, म्हणजे साने गुरुजी. दिवसभर तुरुंगाचं काम करून ते आता लिहायला बसलेत. पालगडचं घर, तिथलं दारिद्र्य, आणि 1917 साली गेलेली आई. मध्येच डोळे पुसतात, पण हात थांबत नाही. खोडाखोड जवळजवळ नाहीच. तुम्हाला झोप लागते, पहाटे जाग येते, तर ते पुन्हा लिहीतच आहेत. असं सोमवारच्या पहाटेपर्यंत चालणार. पुढे या मजकुरातल्या प्रकरणांना ‘रात्र’ म्हणतील आणि पुस्तकाचं नाव असेल ‘श्यामची आई’.

आपण सगळे इथेच थांबतो. पाच दिवसांत पुस्तक, वा! तुम्ही मात्र थांबू नका. अजून एक वर्ष मागे चला, धुळ्याच्या तुरुंगात.

21 फेब्रुवारी 1932, रविवार. सत्याग्रही गोळा होऊन बसलेत आणि विनोबा गीतेवर बोलताहेत. गर्दीत मान वर काढून ऐकू नका, गुरुजींच्या उजव्या हाताकडे बघा. विनोबांचं वाक्य संपतं तेव्हा कागदावर ते निम्मंच उतरलेलं असतं. क्रियापद तसंच सोडून हात पुढच्या वाक्यामागे धावतो. विनोबा दृष्टान्त द्यायला लागले की जरा उसंत मिळते, तेवढ्यात मागची गाळलेली जागा भरून काढायची. समोर बसलेले श्रोते शेतकरी आहेत, शिक्षक आहेत, व्यापारी आहेत. बोजड शब्द आला की त्यांचे चेहरे कोरे होतात. सोपा आला की उजळतात, आणि लिहिणाऱ्याला ते बसल्या जागेवरून दिसतं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. 19 जूनपर्यंत असे अठरा रविवार, गीतेचे अठरा अध्याय. ‘गीता प्रवचने’ आज आपल्या हातात आहे ती या टिपणांमुळे. माझं मत विचाराल तर श्यामच्या गोष्टीतलं ते समोर बसून सांगितल्यासारखं गद्य इथे घोटलं गेलं.

आणखी मागे जायचं? 1930 साली ते तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात होते. तिथे परक्या भाषेतल्या, तमिळमधल्या ‘कुरळ’ या ग्रंथाचा मराठी अनुवाद करत बसले. त्याहीआधी अमळनेरच्या शाळेत मास्तर होते, तेव्हा वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक काढत. दैनिक, हं! मुलं सकाळी उठायची तेव्हा अंक तयार.

एक सांगायलाच हवं. तुरुंग माणसाला लेखक करत नाही. कित्येकांना तो नुसताच मोडतो, आणि त्यांची पुस्तकं नसतात म्हणून ते आपल्याला माहीतही नसतात. जे लिहितात तेही कसं लिहितात, पाहा. मंडालेच्या तुरुंगात टिळकांना सुटे कागद मिळत नव्हते. पानांवर आकडे घातलेल्या बांधीव वह्या आणि शिसपेन्सिल, एवढंच. एखादं पान फाडलं की कळलंच. तेवढ्यावर त्यांनी 1910-11च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्या’चा मसुदा पुरा केला. पण त्याच्या मागेही आयुष्यभराचं गीतेचं वाचन होतं.

आता नाशिकला परत या. सोमवार, 13 फेब्रुवारी, पहाट. गुरुजींनी लेखणी खाली ठेवली आहे, आणि थोड्या वेळात बराक उघडेल. तुरुंगाला पुस्तकाचं काय, त्याच्या लेखी हा कैदी आज नेहमीप्रमाणे कामावर जाणार. पुस्तक छापून यायला 1935 उजाडेल. 1953 साली अत्रे त्यावर चित्रपट काढतील आणि त्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळेल.

तेव्हा लिहायला बसलेल्या एखाद्या मुलाला ‘गुरुजींनी बघ, पाच दिवसांत लिहिलं’ असं सांगून लाजवू नका. सांगायचंच असेल तर धुळ्याचे अठरा रविवारही सांगा.