क्लास मीटिंग

क्लास मीटिंग : मेथडिस्ट ख्रिस्ती पंथातील सुमारे बारा सभासदांच्या गटाची साप्ताहिक बैठक. एकमेकांच्या आत्मिक वाढीची काळजी सभासदांनीच वाहावी, हा तिचा हेतू. जॉन वेस्ली (१७०३–९१) यांच्या चळवळीतून ती इंग्लंडमध्ये रूढ झाली.

उगम : बैठकीचे मूळ निमित्त कर्जाचे होते. ब्रिस्टल येथे १७३९ मध्ये बांधायला घेतलेल्या ‘न्यू रूम’ या प्रार्थनागृहाचे देणे फेडण्याचा विचार करण्यासाठी १५ फेब्रुवारी १७४२ रोजी सभासद जमले. प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी, असे कॅप्टन फॉय यांनी सुचवले. गरिबांना ते झेपणार नाही अशी हरकत निघताच, सर्वांत गरीब अकरा जण आपल्याकडे द्यावेत, त्यांना जमले नाही तर त्यांचे पैसे आपण भरू, असे त्यांनी सांगितले. वर्गणीसाठी घरोघर फिरताना कोण दारू पितो, कोणाच्या घरी तंटा आहे, हे गटप्रमुखांना, म्हणजे क्लास लीडरना, कळू लागले. सभासदांवर देखरेख ठेवण्याची जी सोय वेस्ली शोधत होते, ती आयतीच हाती आली. पुढे घरोघर जाण्याऐवजी साऱ्या गटाने एकत्र बसावे असे ठरले. त्यामुळे वेळ वाचे आणि आपसांतल्या तक्रारी समोरासमोर मिटत.

कार्यपद्धती : शेजारपाजारचे स्त्रीपुरुष एका गटात असत. गीत व प्रार्थना झाल्यावर लीडर आधी स्वतःची आत्मिक स्थिती सांगे, मग प्रत्येकाची विचारपूस करी. याहून अंतरंग अशा ‘बँड’ या लहान गटांत स्त्रिया व पुरुष, विवाहित व अविवाहित वेगळे बसत आणि पापांची कबुली देत. लीडरला धर्मशास्त्राच्या पदवीची अट नव्हती. स्त्रियाही लीडर होत.

प्रवेशासाठी पापापासून सुटण्याची इच्छा पुरेशी होती. टिकण्यासाठी मात्र आचरण लागे. वाईट टाळणे, भले करणे आणि उपासना, प्रभुभोजन, शास्त्रवाचन यांत खंड न पाडणे, असे तीन नियम १७४३ मध्ये छापले गेले. जकात चुकवलेल्या मालाची खरेदीविक्रीही त्यांत निषिद्ध होती. दर तिमाहीला चौकशी होऊन सभासदत्वाचे तिकीट मिळे. त्याच वर्षी न्यूकॅसल येथे ६४ जणांना काढले गेले. वेस्लींच्या रोजनिशीतील नोंदीनुसार त्यांत १७ दारूबाज, बायकोला मारणारा एक आणि केवळ बेफिकिरीमुळे गेलेले २९ होते.

प्रसार व ऱ्हास : मेथडिस्ट प्रचारकांबरोबर ही पद्धत अमेरिकेत गेली. मेथडिस्ट प्रचारक विल्यम टेलर यांनी १८७१-७२ मध्ये मुंबईत घरोघरी असेच गट बांधले. त्यांतून तेथील मेथडिस्ट मंडळी उभी राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र बैठकीला ओहोटी लागली. मंडळ्या मोठ्या व सुस्थित झाल्या, पाळक कायमचे नेमले गेले आणि मनमोकळ्या निवेदनाची जागा ठरावीक उत्तरांनी घेतली.

मूल्यमापन : वेस्लींच्या प्रवचनांना हजारो लोक जमत, पण ऐकलेले आचरणात उतरले की नाही, हे पाहणारे कोणी असल्याशिवाय ते टिकत नाही, असा त्यांचा अनुभव होता. प्रवचनांनी जागवलेली श्रद्धा टिकवून धरण्याचे काम या बैठकांनी केले. मेथडिस्ट चळवळ वेस्लींच्या पश्चातही तग धरून राहिली, याचे मोठे श्रेय या बैठकांना जाते.