बार्बरा फॉरेस्ट

बार्बरा फॉरेस्ट या अमेरिकी तत्त्वज्ञ असून साउथईस्टर्न लुइझियाना विद्यापीठात त्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापक होत्या. शालेय विज्ञानात ‘बुद्धिमान रचना’ शिकवण्याच्या प्रयत्नांना त्यांनी केलेल्या विरोधासाठी त्या ओळखल्या जातात. सजीवसृष्टीच्या गुंतागुंतीमागे बुद्धिमान कर्त्याची योजना आहे, असे ही विचारसरणी मानते.

लेखन

पॉल ग्रॉस यांच्यासह लिहिलेला त्यांचा ‘क्रिएशनिझम्स ट्रोजन हॉर्स’ हा ग्रंथ २००४ मध्ये प्रकाशित झाला. ‘बुद्धिमान रचना’ हे निर्मितीवादाचेच नवे रूप असल्याचे त्यात चळवळीच्या स्वतःच्या कागदपत्रांवरून दाखवले आहे.

डोव्हर खटला

२००५ मध्ये पेनसिल्व्हेनियातील डोव्हर येथील शाळा मंडळाविरुद्धच्या खटल्यात फॉरेस्ट यांनी पालकांच्या बाजूने तज्ज्ञ म्हणून साक्ष दिली. त्यांची साक्ष वगळावी, हा प्रतिवादींचा अर्ज न्यायालयाने फेटाळला. ‘ऑफ पांडाज अँड पीपल’ या पुस्तकाचे निरनिराळे मसुदे त्यांनी ताडून पाहिले. निर्मितीवाद शिकवण्यासंबंधीचा लुइझियानाचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये रद्द केल्यावर मसुद्यातील ‘निर्मितीवादी’ या शब्दाच्या जागी ‘रचनेचे पुरस्कर्ते’ असा बदल झाला होता. एका मसुद्यात तर हा बदल अर्धवट होऊन दोन्ही शब्द एकमेकांत मिसळले होते. बुद्धिमान रचना हे विज्ञान नव्हे, असा निकाल न्यायाधीश जॉन जोन्स यांनी २० डिसेंबर २००५ रोजी दिला. निकालपत्रात फॉरेस्ट यांच्या साक्षीचा आधार घेतलेला आहे.

उत्तरकाल

लुइझियाना विज्ञानशिक्षण कायद्यालाही त्यांनी विरोध केला. तथापि तो २००८ मध्ये संमत झाला.