अंथरूण तेवढेच, पाय लांब

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण काटकसरीच्या संसाराला जितकी लागू पडते तितकीच मोटारीच्या इंजिनालाही लागू पडते. परंतु अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्नियाच्या हौशी कारागिरांनी अंथरूण न वाढविता पाय लांबविण्याची एक रीत रूढ केली. कारखान्यातून आलेला इंजिनाचा ब्लॉक तोच ठेवावयाचा आणि त्याच्या पोटात अधिक लांब हाताचा क्रँक बसवून आकारमान वाढवावयाचे. अशा इंजिनास तिकडे ‘स्ट्रोकर’ म्हणतात. पैशाची उणीव अचूक मापाने किती भरून काढता येते आणि कोठे थांबावे लागते, हे त्याच्या इतिहासात स्पष्ट दिसते.

सिलिंडरमध्ये सरकणारा दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत जाताना जेवढी जागा व्यापतो, तिला सिलिंडरांच्या संख्येने गुणले की इंजिनाचे आकारमान मिळते. ते वाढविण्याचे मार्ग दोनच : सिलिंडर रुंद करणे किंवा पिस्टनचा पल्ला लांबविणे. पहिल्या मार्गाची मर्यादा लवकर येते; कारण सिलिंडरच्या भिंतीपलीकडे थंडाव्यासाठी पाणी खेळत असते, आणि भिंत फार खरवडली तर ती तडकते. दुसऱ्या मार्गासाठी नवा क्रँक घडवून घेणे हे धनिकाचे काम. ज्याच्या खिशात थोडे डॉलर आहेत, त्याने तो भंगारातल्या दुसऱ्या इंजिनातून मिळवावयाचा.

1932 साली फोर्ड कंपनीने आठ सिलिंडरांचे ‘व्ही’ आकाराचे इंजिन सामान्य माणसाच्या मोटारीत बसविले. आकारमान 221 घनइंच, म्हणजे सुमारे 3.6 लिटर, शक्ती 65 अश्वशक्ती, आणि त्या मालिकेतील सर्वांत स्वस्त गाडी 500 डॉलरांच्या आत. काही वर्षांतच अशा जुन्या गाड्या तरुणांच्या हाती आल्या. कॅलिफोर्नियातील मुरॉकसारख्या कोरड्या सरोवरांच्या सपाट तळांवर त्यांच्या वेगाच्या चाचण्या होऊ लागल्या. 1937 साली या चाचण्यांना शिस्त लावण्यासाठी सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. वेग घड्याळाने मोजला जाऊ लागल्यावर बढाईला जागा उरली नाही. खरी सुधारणा कोणती, हे आकड्यांवरूनच ठरू लागले.

1949 साली फोर्ड घराण्यातीलच मर्क्युरी मोटारीच्या क्रँकने पिस्टनचा पल्ला पावणेचारावरून चार इंचांवर नेला. वाढ केवळ पाव इंचाची. आपल्याकडील कारागिरांच्या भाषेत दोन सुतांची. पण हा क्रँक फोर्डच्या ब्लॉकमध्येही बसत असे. त्यामुळे 239 घनइंचांचे इंजिन 255 चे झाले. सिलिंडर एक सूत रुंद केले की ते 276 चे होई. यापुढची युक्ती अधिक चतुर होती. मर्क्युरीच्या क्रँकवर कनेक्टिंग रॉड ज्या जर्नलवर बसतो, त्याचा व्यास सुमारे 2.14 इंच होता, तर जुन्या फोर्डमध्ये तो सुमारे 2 इंच होता. मोठे जर्नल एका बाजूने अधिक घासून लहान केले की त्याचे केंद्र बाहेर सरके, पल्ला आणखी एका सुताने वाढे, आणि त्यावर जुन्या फोर्डचे रॉड बसत. मग सिलिंडर अर्धे सूत आणखी रुंद करून आकारमान 296 घनइंचांपर्यंत नेत. सुतावरून स्वर्ग गाठणे म्हणतात ते हेच!

स्वर्ग मात्र निर्धोक नव्हता. या इंजिनाचा क्रँक तीनच बेअरिंगांवर फिरत असे, आणि जळलेला गरम वायू ब्लॉकमधूनच बाहेर पडत असल्याने ते लवकर तापे. शिवाय पल्ला वाढला की तेवढ्याच फेऱ्यांत पिस्टनला अधिक अंतर धावावे लागते आणि प्रत्येक वळणावर रॉडला बसणारा हिसकाही वाढतो.

1955 साली शेव्हरोलेने 265 घनइंचांचे नवे हलके इंजिन बाजारात आणले. त्याच घराण्यात 1967 साली 350 आणि 1970 साली 400 घनइंचांची इंजिने आली. पहिल्याचा पल्ला 3.48 इंच, दुसऱ्याचा 3.75. 400 चे इंजिन बहुधा मोठ्या कुटुंबवत्सल गाड्यांत आणि मालवाहू ट्रकांत बसे. शर्यतीच्या शौकिनांत त्याची प्रतिष्ठा बेताचीच. म्हणूनच त्याचा क्रँक भंगारात स्वस्तात मिळे. त्याची मुख्य जर्नले 2.65 इंचांची, ती घासून 2.45 इंचांची केली की तो 350 च्या ब्लॉकमध्ये बसे.

येथे मापांनी गरिबावर मोठी कृपा केली. 350 मध्ये पल्ल्याचे अर्धे, म्हणजे 1.74 इंच, आणि रॉडची लांबी 5.7 इंच, मिळून 7.44 होतात. 400 मध्ये 1.875 आणि 5.565, मिळून पुन्हा 7.44 च! म्हणजे 400 चा क्रँक व रॉड घेतले की पिस्टन पूर्वीच्याच उंचीवर पोहोचतो. त्यामुळे खास पिस्टन न घडविता 350 चे साधे पिस्टन चालतात. झिजलेले सिलिंडर साफ करण्यासाठी 0.03 इंच रुंद करावेच लागत. तेवढे केल्यावर हिशेब 383 घनइंचांवर येई. हाच आकडा पुढे कोपऱ्याकोपऱ्यावरच्या गॅरेजांत प्रसिद्ध झाला.

या स्वस्ताईला अटी मात्र कडक होत्या. लांब हाताचे रॉड ब्लॉकच्या खालच्या कडांना अडत, तेथे लोखंड घासून जागा करावी लागे. रॉडचे बोल्ट कॅमशाफ्टला लागत नाहीत ना, हे क्रँक हाताने फिरवून एकेका सिलिंडरपाशी तपासावे लागे. 400 च्या क्रँकचा तोल सांभाळणारी वजने अंशतः बाहेर, पुढील डॅम्परवर आणि मागील फ्लायव्हीलवर असत. क्रँक उचलून आणला आणि ती वजने भंगारातच राहिली, तर इंजिन थरथरून स्वतःचीच बेअरिंगे खाई. दहा डॉलर वाचविण्याच्या नादात शंभर गमावण्याचा हा सोपा मार्ग होता.

400 चे उत्पादन 1980 साली थांबले. पुढे बाजारात या मापाचे नवे क्रँक, पिस्टन आणि रॉड यांचे तयार संच मिळू लागले, आणि खुद्द जनरल मोटर्सनेही 383 घनइंचांचे तयार इंजिन विकावयास काढले. भंगारातून जुळविलेली पाककृती अशा रीतीने कारखान्याच्या यादीत जाऊन बसली. संच विकत घेणाऱ्याचे कष्ट त्यामुळे वाचले, आणि त्यात गैर काहीच नाही. पण 7.44 हा आकडा दोन्हीकडे सारखाच येतो, हे ज्याने प्रथम कागदावर मांडून पाहिले, त्याच्याजवळ पैशापेक्षा मोठे भांडवल होते. कोंड्याचा मांडा करावयाचा, तर आधी कोंडा नीट मोजता यावा लागतो.