कोकणातील खेडे : वाट आणि माणसे

रस्ता नसला म्हणजे खेडे ओस पडते आणि रस्ता आला की ते भरू लागते, असे आपण शहरात बसून सहज बोलून जातो. रत्नागिरी जिल्ह्याचा इतिहास ह्या समजुतीला फारसा मान देत नाही. तेथे वाट आली ती बहुधा माणसे नेण्यासाठीच आली.

पहिली मोठी वाट समुद्राची. मुंबईत १८५६ साली पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि पुढील दशकांत गिरण्यांना जे हात लागले त्यांतले फार मोठे कोकणातून गेले. हर्णै, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, मालवण ह्या बंदरांसमोर आगबोट उभी राही. उतारू पडावात बसून तिच्यापर्यंत जात. पावसाळ्यात ही वाहतूक बंद पडे. म्हणजे मृगापूर्वी जो घरी पोचला तो पोचला. ह्या वाटेची किंमतही जबर होती. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली, तीत सहाशेंहून अधिक माणसे गेली. पुढे एस. टी. आली, तिची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला धावली, आणि हळूहळू लाल गाडी कोकणच्या घाटवळणांवरही दिसू लागली. बोट मागे पडली, तसे खाडीकाठचे धक्के सुने झाले. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे सबंध मार्गावर खुली झाली. आता तरी गाव भरायला हवे होते! परंतु २००१ च्या खानेसुमारीत रत्नागिरी जिल्ह्याची वस्ती १६,९६,७७७ होती, ती २०११ साली १६,१५,०६९ झाली. शेजारचा सिंधुदुर्गही ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर उतरला. ही घट रेल्वेने केली, असे आम्ही म्हणत नाही. रेल्वेने ती थांबवली नाही, एवढे मात्र उघड आहे.

पण ही मोजणी कशाची, हेही पाहिले पाहिजे. १९३१ पर्यंत खानेसुमारी ठरलेल्या एका रात्री होई. त्या रात्री लालबागच्या खोलीत निजलेला माणूस मुंबईचा ठरे, मग त्याची शेती, घर, बायको आणि देव गावी का असेनात. पुढे रीत बदलली, तरी हिशेब फारसा बदलला नाही. २०११ ची मोजणी फेब्रुवारीत आटोपली. त्या वर्षी होळी १९ मार्चला होती. शिमग्याची पालखी नाचवायला चाकरमानी आला, तोवर मोजणारा गुरुजी आपल्या वह्या मिटून गेला होता. त्या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया निघाल्या, उभ्या महाराष्ट्रात ९२९. हा आकडा स्त्रिया अधिक जन्मल्याचा नव्हे. पुरुष पोटासाठी बाहेर असल्याचा आहे.

हे केवळ आकड्यांचे कुतूहल असते तर आम्ही श्रोत्यांचा वेळ घेतला नसता. कोकणचे गाव एका जागी नसते. ते वाड्यावाड्यांत विखुरलेले, मध्ये पऱ्ह्या, सडा आणि चढण. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान ग्रामसडक योजनेत सपाटीच्या वस्तीला रस्ता मिळण्यास ५०० डोकी लागतात. डोंगरी राज्ये, वाळवंटी व आदिवासी मुलूख ह्यांना २५० पुरतात. पण डोक्यावर सह्याद्री असूनही महाराष्ट्र डोंगरी राज्यांत मोडत नाही. तेव्हा चढणीवरची लहान वाडी दोन्हीकडून नाडते. माणसे बाहेर गेली म्हणून डोकी कमी भरतात, डोकी कमी म्हणून सडक लांबते, आणि सडक लांबली की उरलेल्यांतले तरणे लोकही निघतात. अशा वाडीतून आजारी म्हातारीला खाली मोटारीपर्यंत आणायचे तर डोली लागते. तिला खांदा देणारे गणपतीत असतात, आषाढात नसतात.

ह्याच योजनेचा चौथा टप्पा २०२४ साली मंजूर झाला. त्यासाठी धरलेली डोकीही २०११ च्या फेब्रुवारीतलीच आहेत.