डोळ्यातील मेलेनोमा: गाठीचा आकार, टप्पा आणि दृष्टी कशी तपासतात?

डोळ्यात मेलेनोमाची गाठ असल्याचे कळल्यावर लगेच उपचार का सुरू होत नाहीत, असा प्रश्न तुम्हाला पडू शकतो. गाठ केवढी आहे, आजार कुठपर्यंत पोहोचला आहे आणि डोळ्याला किती दिसते, या तीन गोष्टी कळल्याशिवाय योग्य उपचार ठरवता येत नाहीत. हा कर्करोग बहुधा डोळ्याच्या आतील रक्तवाहिन्यांच्या थरात, म्हणजे कोरॉइडमध्ये होतो.

गाठीचा आकार

बाहुली मोठी करणारे थेंब घालून डॉक्टर डोळ्याचा पडदा तपासतात आणि त्याचे फोटो काढतात. थेंबांमुळे काही तास धूसर दिसते. म्हणून सोबत कोणीतरी असावे आणि स्वतः गाडी चालवू नये. त्यानंतर डोळ्याची सोनोग्राफी होते. ती दुखत नाही. तिच्यात गाठीची उंची आणि तळाची रुंदी मोजतात.

साधारण वर्गवारी अशी:

- लहान: उंची सुमारे १.५ ते २.५ मिमी
- मध्यम: उंची २.५ ते १० मिमी आणि रुंदी १६ मिमीपर्यंत
- मोठी: उंची १० मिमीपेक्षा किंवा रुंदी १६ मिमीपेक्षा जास्त

या गाठीचे निदान बहुतेक वेळा तपासणी आणि सोनोग्राफीवरूनच होते. बायोप्सी प्रत्येकाला लागत नाही.

आजाराचा टप्पा

टप्पा म्हणजेच स्टेज. गाठीचा आकार, ती सिलिअरी बॉडीपर्यंत गेली आहे का आणि डोळ्याच्या भिंतीबाहेर आली आहे का, यावरून पहिला ते तिसरा टप्पा ठरतो. आजार शरीरात इतरत्र पसरला असेल तर तो चौथा टप्पा. हा कर्करोग पसरतो तेव्हा बहुतेकदा यकृतात जातो. म्हणून डोळ्याचा आजार असूनही पोटाची सोनोग्राफी, सीटी किंवा एमआरआय सांगितला जातो. उपचारानंतरही यकृताची तपासणी ठरलेल्या वेळी करत राहावी लागते. डोळा बरा वाटतो म्हणून ती टाळू नका.

दृष्टीची तपासणी

प्रत्येक डोळा वेगळा झाकून तक्ता वाचायला देतात. ६/६० म्हणजे निरोगी डोळ्याला ६० मीटरवरून दिसणारे अक्षर तुम्हाला ६ मीटरवरून दिसते. पडद्याखाली पाणी साचले आहे का, हे ओसीटी तपासणीत समजते.

चांगले दिसते म्हणजे गाठ लहान, असे समजू नका. पडद्याच्या मध्यभागाजवळची छोटी गाठही नजर बरीच कमी करते, तर कडेची मोठी गाठ अनेक महिने लक्षातही येत नाही.

यावरून काय ठरते?

लहान, संशयास्पद गाठीवर काही वेळा फक्त लक्ष ठेवतात. मध्यम गाठीसाठी डोळ्याला किरणोत्सर्गी चकती, म्हणजे प्लाक, काही दिवस बसवतात. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने अशा देशी प्लाक तयार केल्या आहेत. अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात मध्यम गाठीसाठी प्लाक लावलेल्या आणि डोळा काढलेल्या रुग्णांच्या आयुर्मानात फरक आढळला नाही. मात्र प्लाकनंतर डोळा राहिला तरी नजर पुढील काही वर्षांत कमी होऊ शकते. खूप मोठ्या गाठीत डोळा काढावा लागू शकतो.

डॉक्टरांना हे विचारा

- गाठीची उंची आणि रुंदी किती?
- ती पडद्याच्या मध्यापासून किती दूर आहे?
- उपचारानंतर या डोळ्याला किती दिसेल?
- यकृताची तपासणी किती महिन्यांनी करायची?

सगळे अहवाल तारखेनुसार एका फाइलमध्ये ठेवा. गाठ वाढली की आकसली, हे जुन्या मापांशी तुलना करूनच कळते.